कै. डॉ. रखमाबाई आणि गर्भिणीची काळजी

ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. पूर्वजांचे गुण आठवले म्हणजे आपल्या अंगचे उणेपण आपोआप ध्यानात येते. यंदा आम्ही ज्या थोर स्त्रीचे स्मरण करणार आहोत, तिचे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. कै. डॉ. रखमाबाई यांनी आपल्या विवाहाच्या दाव्यात दाखविलेले धैर्य व्याख्यानांतून, पुस्तकांतून आणि अलीकडे चित्रपटातूनही लोकांपुढे आले आहे. परंतु तो दावा त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातील अवघी चार वर्षे चालला. पुढे सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी जे काम केले, ते बायकांच्या आरोग्याचे आणि बाळंतपणाचे होते. त्याकडे आपले लक्ष कमीच गेले आहे.

आमच्या मते तो दावा आणि हे काम ह्या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. स्त्रीची काळजी कळा सुरू झाल्यावर घ्यावयाची नसते, ती फार आधीपासून घ्यावयाची असते, हे एकच सूत्र दोहोंतून गेलेले आहे. ते वाचक बंधुभगिनींपुढे उलगडून ठेवावे आणि आपल्या घरांत त्याचा काय उपयोग करता येईल ते पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

जन्म व बालपण

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. घराणे सुतार ज्ञातीचे. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. आज आपल्या घरची पंधरा वर्षांची मुलगी शाळेत दहावीच्या वर्गात बसलेली असते. त्या वयात जयंतीबाईंच्या मांडीवर मूल होते. हे त्या काळी जगावेगळे मुळीच नव्हते. घरोघरी तसेच चालत असे, आणि त्यात किती मुली बाळंतपणातच मृत्यू पावत, याची गणती कोणी ठेवीत नसे.

आपल्या ज्ञातीत विधवाविवाहास मज्जाव नव्हता. ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे, कारण ज्या ज्ञाती स्वतःला वरच्या समजत त्यांच्यात विधवेचे आयुष्य केवळ अंधारकोठडी झालेले होते. वैधव्यानंतर सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन ह्या नामांकित विधुर गृहस्थांशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी आपल्या मुलीच्या नावे करून दिली. रखमाबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या.

डॉ. सखाराम अर्जुन यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करीत. वनस्पतिशास्त्राचे ते जाणकार होते आणि १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची जी सुप्रसिद्ध संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांपैकी ते एक. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे मोठे कार्य असे की, वैद्यकाचे ज्ञान त्यांनी मराठीत आणले. १८७३ साली त्यांनी गर्भविद्या व प्रसूती ह्या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला, आणि पुढे १८७७ साली विवाहासंबंधीचे शरीरशास्त्र सांगणारा दुसरा ग्रंथ लिहिला. गर्भिणी, सुईण, बाळंतपण हे शब्द पुरुषमंडळींनी चारचौघांत उच्चारू नयेत असा तो काळ होता. त्या काळात मराठी वाचणाऱ्याला हा विषय कळावा म्हणून लेखणी धरणारा पुरुष ज्या घरात होता, त्या घरात रखमाबाई वाढल्या. पुढे त्यांनी जे केले त्याचे बीज येथे पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

विवाह आणि दावा

तरीही रूढीचा पगडा मोठा असतो. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न सावत्र वडिलांच्या नात्यातील दादाजी भिकाजी ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले. दादाजीने सासुरवाडीस राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. लग्नानंतर सातआठ महिन्यांतच रखमाबाई ऋतुमती झाल्या. रीतीप्रमाणे आता गर्भाधानविधी उरकून मुलीस पतीच्या स्वाधीन करावयाचे. परंतु डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यास साफ नकार दिला. मुलीचे शरीर अद्याप वाढीस लागलेले आहे, ते मातृत्वाचा भार सोसण्यास योग्य नाही, असे त्यांचे वैद्य म्हणून मत होते.

वाचकहो, हा नकार आम्हांस रखमाबाईंच्या चरित्रातील पहिली मोठी घटना वाटते. कोवळ्या मुलीचे कमरेचे हाड पुरते रुंदावलेले नसते. अशा मुलीस दिवस गेले तर मूल अडते, आणि अडलेल्या बाळंतिणीस खेड्यात त्या काळी कोणताच उपाय नसे. गर्भिणीची पहिली काळजी म्हणजे तिला योग्य वय होईपर्यंत गर्भिणी होऊ न देणे. त्या डॉक्टरांनी हे जाणले व आपल्या घरात आचरून दाखविले. ज्ञान असूनही घरच्या माणसांपुढे मान तुकविणारे पुष्कळ असतात. ते तसे नव्हते.

रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि घरी वाचन करून शिकत गेल्या. दादाजीने मात्र शिक्षण सोडले आणि तो आपल्या मामाच्या घरी राहू लागला. १८८४ साली त्याने पत्नीस नांदावयास पाठवावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. दावा लावणारा आपल्या ज्ञातीचा, आणि दावा सोसणारीही आपल्याच ज्ञातीची. आज आपण रखमाबाईंचे नाव अभिमानाने घेतो, तेव्हा ही गोष्ट विसरणे बरे नव्हे. परक्यांशी झगडणे सोपे असते. आप्तांशी झगडताना माणूस एकटे पडते.

दावा चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले. रखमाबाईंचा मोठा आधार गेला. त्याच वर्षी त्यांनी एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडिया ह्या पत्रात बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्या विषयांवर पत्रे लिहिली आणि देशभर खळबळ उडाली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात, संमतीवाचून झालेल्या विवाहाच्या जोरावर वयात आलेल्या स्त्रीस बळाने पाठविता येणार नाही, असा त्याचा भावार्थ होता. त्यावर अपील झाले, प्रकरण पुन्हा चालले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला. नांदावयास जावे अथवा सहा महिने तुरुंगात जावे, असा तो हुकूम होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. मोठमोठ्या विद्वानांनीही त्यांस दोष दिला. बेहरामजी मलबारी यांसारखे सुधारक मात्र पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली आणि तुरुंगवास टळला. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला व मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. त्यापूर्वी जी चर्चा देशभर चालली, तिला रखमाबाईंच्या दाव्याने मोठीच चालना दिली होती. बारा वर्षे हे वय आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण तेवढ्यासाठीही एका मुलीला तुरुंगाच्या दारापर्यंत जावे लागले.

वैद्यकीय शिक्षण

खटल्यातून सुटलेल्या स्त्रीने निवांत राहावे, असे कोणासही वाटले असते. रखमाबाईंनी डॉक्टर होण्याचे ठरविले. त्या वेळी ह्या मार्गाने गेलेल्या हिंदी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मून दहाच दिवसांत गेले होते. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली पदवीधर झाल्या, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात क्षयाने वारल्या. त्यांस रुग्णसेवा करावयास मिळाली नाही. कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनी काम आरंभिले होते.

मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले होते. स्त्रियांसाठी असलेले आणि स्त्री डॉक्टरांनीच चालविलेले हे रुग्णालय. तेथील प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंस प्रोत्साहन दिले व पैशाची जुळवाजुळव करण्यास साह्य केले. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि ब्रुसेल्स येथे एम. डी. ही पदवी मिळवून परतल्या. पंचवीस वर्षांच्या वयात नवा देश आणि नवे शास्त्र ह्यांस सामोरे जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

सुरतेची सेवा

१८९५ साली रखमाबाई सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात प्रमुख म्हणून गेल्या आणि तेथे बावीस वर्षे राहिल्या. मराठी मुलखातील ही स्त्री गुजरातेत गेली आणि तेथील बायकांची झाली.

त्या काळी बाळंतपणाचे चित्र कसे होते, ते नव्या पिढीस ठाऊक असणे आवश्यक आहे. घरातील अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीची. तेथे शेगडीचा धूर. हाताशी सुईण, जिची हातोटी पुष्कळदा चांगली असे, पण हात धुण्याचे महत्त्व तिला कोणी सांगितलेले नसे. नाळ कापण्यास विळा किंवा जे हाती येईल ते. त्यामुळे कित्येक बाळे धनुर्वाताने पहिल्या आठवड्यातच दगावत. पुरुष डॉक्टरास आत प्रवेश नसे, आणि पडदा पाळणाऱ्या घरांतून स्त्रीने बाहेर जावे हेच मुळी अब्रूला बाधक मानले जाई. रुग्णालयाविषयी लोकांची समजूत अशी की, तेथे माणूस जातो तो मरावयास. जेथे प्रेते निघतात, तेथे जन्म कसा व्हावा?

याविषयी रखमाबाईंची एक आख्यायिका सांगितली जाते. बाळंतपणास कोणी स्त्री रुग्णालयात येईना, पहिलेपणाची सर्वांना भीती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली आणि तेथे तिची सुखरूप सुटका करून दाखविली. ह्या जागेत जन्म होऊ शकतो, आई व पिल्लू जिवंत बाहेर पडू शकतात, हे बायकांनी डोळ्यांनी पाहिले. हळूहळू त्या येऊ लागल्या.

ह्या गोष्टीत एक मर्म आहे. रखमाबाईंच्या हाती विलायतेची पदवी होती. बायकांच्या अज्ञानाबद्दल त्यांस रागे भरता आले असते. परंतु भीती रागाने जात नाही, व्याख्यानानेही जात नाही. ती ज्या ठिकाणी बसलेली असते तेथेच जाऊन ती काढावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रखमाबाई शिकल्या तेव्हा खुद्द विलायतेतही प्रसूतिशास्त्र म्हणजे मुख्यतः प्रसंगी करावयाची सोडवणूक, असेच मानले जाई. गर्भिणीस महिन्यांमागून महिने नियमाने तपासावे, हा विचार रूढ नव्हता. एडिंबरा येथील डॉ. बॅलंटाइन यांनी गर्भिणींसाठी रुग्णालयात वेगळी सोय असावी, असे १९०१ साली आग्रहाने मांडले, आणि पुढील दोनतीन दशकांत प्रसूतिपूर्व तपासणीची पद्धत तिकडे रुजली. म्हणजे आज गावच्या उपकेंद्रात सहज मिळणारी गोष्ट रखमाबाईंच्या उमेदीच्या काळात जगात नव्याने जन्म घेत होती. इकडे सुईणींस शिक्षण देण्याचे काम १८८५ सालचा लेडी डफरिन यांचा निधी व १९०३ सालचा व्हिक्टोरिया स्मारक निधी यांनी आरंभिले होते. पण गर्भिणी स्वतः चालून दवाखान्यात येणे, ही पायरी चढावयास फार काळ लागावयाचा होता. ती पायरी बांधणाऱ्यांत रखमाबाई आहेत.

१९०४ साली दादाजी वारला. ज्या विवाहास त्यांनी कधी मान्यता दिली नव्हती त्याच्या नावाने रखमाबाईंनी त्यानंतर विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. याचा अर्थ निरनिराळे लोक निरनिराळा लावतात. आम्हांस एवढेच दिसते की, ज्या बायकांत त्यांस काम करावयाचे होते त्यांच्यापासून त्या वेषाने व रीतीने दूर गेल्या नाहीत.

राजकोट आणि अखेरचा काळ

पुढे सरकारी स्त्री वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे आले असता ते त्यांनी स्वीकारले नाही. त्या राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. काठेवाडात पडदा सुरतेहून कडक होता. राजकोटात त्यांनी रेडक्रॉसच्या कामासही हातभार लावला. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडद्याची चाल नाहीशी करण्याची आवश्यकता दाखविणारी पुस्तिका लिहिली. सबंध आयुष्य ज्या दाराशी बायका अडखळताना त्यांनी पाहिल्या, ते दार उघडावे म्हणून वयाच्या पासष्टीत त्यांनी पुन्हा लेखणी धरली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आज आपण कोठे आहोत?

चरित्र येथे संपते, पण त्याचा बोध संपत नाही. आमचे आयुष्य खेड्यांतील शाळांत गेले. ज्या मुलींस आम्ही बाराखडी शिकविली, त्यांची मुले पुढे आमच्याच वर्गांत बसली. त्यामुळे घरोघरची रीत जवळून पाहावयास मिळाली. त्या आधारे चार शब्द लिहितो.

रखमाबाईंचा अर्धा लढा आपण जिंकला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात शंभरापैकी ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४ च्या वर आहे. बाळंतपणातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते, तर महाराष्ट्रात ३३. दवाखाना म्हणजे मरणाची जागा, ही समजूत गेली. हे सामान्य यश नव्हे.

परंतु उरलेला अर्धा लढा पाहा. त्याच पाहणीप्रमाणे गर्भारपणात निदान चार वेळा तपासणी झालेल्या माता देशात शंभरात सुमारे ५८ आणि ग्रामीण भागात सुमारे ५४ एवढ्याच आहेत. लोहाच्या गोळ्या शंभर दिवस तरी घेणाऱ्या ४४ आहेत. गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के, रक्तक्षयाने पीडित आहेत. आणि महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली आहेत. याचा अर्थ, कळा आल्यावर दवाखान्यात जावयास आपण शिकलो. त्याआधी जावयास अजून शिकलो नाही.

असे का व्हावे? दोष केवळ सोयींचा नाही, घरचाही आहे. पहिले तीन महिने पोटुशीपणाची वाच्यता करू नये, दृष्ट लागते, अशी समजूत अनेक घरांत आहे. त्यामुळे पहिली तपासणीच उशिरा होते, आणि तीच अत्यंत महत्त्वाची. दवाखान्यात कधी जावयाचे ते सून ठरवीत नाही. सासूबाईंच्या काळी कोणी तपासले नव्हते, म्हणून आता कशाला, असा विचार होतो. तपासणीस जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि एस. टी. चे भाडे जाते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चांगली रीत आहे, पण त्यात नोंद सासरी आणि बाळंतपण माहेरी अशी ओढाताण होते व मधले दोनतीन महिने कोणीच पाहत नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत तर दिवाळीपासून होळीनंतरपर्यंत गर्भवती फडातच असते. लोहाच्या गोळीने मूल काळे होते किंवा फार मोठे होऊन अडते, असेही सांगितले जाते. हे दोन्ही खोटे आहे. गोळीने मळमळते हे मात्र खरे. ती जेवणानंतर अथवा रात्री निजताना घ्यावी व चहाबरोबर घेऊ नये. मग त्रास कमी होतो आणि गुणही येतो.

तपासणीत होते तरी काय, असे कोणी विचारील. वजन पाहतात, रक्तदाब पाहतात, लघवी तपासतात, रक्तातील लोह पाहतात, रक्तगट पाहतात, धनुर्वाताची लस देतात, पोट तपासून बाळाची वाढ व ते आडवे आहे की उभे ते पाहतात. कामे लहान दिसतात, पण प्रत्येकामागे एक मृत्यू अडविलेला असतो. रक्तदाब वाढलेला वेळीच कळला नाही तर पुढे झटके येतात. रक्तक्षय असलेल्या स्त्रीस बाळंतपणात होणारा थोडा रक्तस्रावही सोसत नाही. बाळ आडवे असल्याचे आधी कळले तर मोठ्या दवाखान्यात वेळेवर जाता येते. आयत्या वेळी कळले तर वाटेतच घात होतो. आपल्यातील जुने कारागीर लाकूड रंध्याखाली घेण्यापूर्वी गाठ कोठे आहे, चीर कोठे आहे, हे बोटांनी चाचपून पाहत. निर्जीव लाकडासाठी आपण एवढी खबरदारी घेतो, मग जिवंत माणसासाठी का घेऊ नये?

सोयी आता आहेत. गावोगाव आशाताई आहेत, उपकेंद्रात परिचारिका आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून गर्भवतींची विनामूल्य तपासणी केली जाते. पहिल्या मुलाच्या वेळी मातेस आर्थिक साह्य देणारी मातृवंदना योजना २०१७ पासून आहे. आडवळणाच्या आदिवासी भागांत आरोग्यकेंद्राजवळ बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठी माहेरघरे उभारली आहेत. माहेरघर हे नाव ज्याने सुचविले त्याचे आम्ही मनापासून कौतुक करतो. रखमाबाईंच्या शेळीच्या गोष्टीतील मर्म त्यास उमगले होते.

ज्ञातिबांधवांस विनंती

म्हणून आपल्या समाजातील कुटुंबांपुढे आम्ही काही गोष्टी नम्रपणे ठेवतो.

पहिली ही की, अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करू नये, आणि त्यानंतरही पहिल्या मुलाची घाई करू नये. वधुवर मेळाव्यात जन्मतारीख विचारतात ती केवळ पत्रिका जुळविण्यासाठी नसावी, मुलीच्या वयाची खात्री करण्यासाठीही असावी. डॉ. सखाराम अर्जुन यांचा दीडशे वर्षांपूर्वीचा नकार आठवावा.

दुसरी ही की, पाळी चुकताच तिसरा महिना भरण्यापूर्वी नोंद करावी आणि पुढे निदान चार वेळा तपासणी करवून घ्यावी. नोंदीचे कार्ड सुनेच्या पिशवीत असू द्यावे. ती माहेरी जाईल तेव्हा कार्ड तिच्याबरोबर जावे आणि तिकडच्या आशाताईंस आधीच कळवावे.

तिसरी गोष्ट सासूबाईंसाठी. आपण सातव्या महिन्यात सुनेचे डोहाळजेवण हौसेने करता, हिरवी साडी नेसविता, ओटी भरता. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यातही घेऊन चला. सासू बरोबर आली म्हणजे सुनेचा संकोच अर्धा नाहीसा होतो आणि घरातील पुरुषही आडवे येत नाहीत. तिच्या ताटात डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, आणि आपल्या घरी चालत असल्यास अंडे वाढा. सर्वांचे झाल्यावर उरेल ते तिने खावे, ही रीत आता सोडावी.

चौथी पुरुषांसाठी. पत्नीस तपासणीस नेण्यात लाज कसली? अंगावर पायांवर सूज येणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, ह्या खुणा नवऱ्यासही पाठ असाव्यात. असे काही दिसताच सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा.

पाचवी आपल्या संस्थेसाठी. मुलांच्या शिक्षणास आपण साह्य देतो, ते चालू राहावेच. त्यात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी रक्कम रखमाबाईंच्या नावे ठेवावी, अशी आमची सूचना आहे. त्यांची तसबीर सभागृहात लावणे सोपे आहे. त्यांचे काम पुढे नेणारी एक मुलगी दर वर्षी तयार करणे हे खरे स्मारक होईल.

आपल्या ज्ञातीच्या हातांनी गावोगावचे पाळणे घडविले. त्या पाळण्यात निजणारे बाळ आणि त्याची दोरी ओढणारी आई, ही दोघे सुखरूप राहावीत, ह्यासाठी रखमाबाईंनी आयुष्य वेचले. त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरावरचा आपला हक्क मिळविला, आणि मग तो दुसऱ्या बायकांस मिळावा म्हणून पस्तीस वर्षे कष्ट केले. आपल्या घरातील सून अथवा लेक गर्भवती असेल, तर ही स्मरणिका बाजूस ठेवून तिची पुढची तपासणी कोणत्या तारखेस आहे ते तिला विचारावे. तारीख कोणास ठाऊक नसेल, तर ती आजच लावून घ्यावी. त्या थोर मातृसेविकेच्या स्मृतीस आम्ही आदरपूर्वक वंदन करतो आणि लेखणी खाली ठेवतो.